ग्लेन हॅन्सर्ड: दिवसा लोकांची गाणी, रात्री स्वतःची

जुनी_कॅसेट (धागाकर्ती)

परवा रात्री झोप येईना म्हणून 'वन्स' हा आयरिश सिनेमा पुन्हा लावला. चौथ्यांदा असेल, की पाचव्यांदा. सुरुवातीलाच डब्लिनच्या ग्राफ्टन स्ट्रीटवर एक दाढीवाला माणूस गिटार वाजवत गातोय. पुढ्यात गिटारची पेटी उघडी, तीत चिल्लर. एक नशेतला पोरगा बुटाची नाडी बांधायच्या मिषाने पेटीपाशी वाकतो. गाणाऱ्याला त्याचा बेत कळलाय. तो गाता गाताच त्याला दम देतो, आणि तरी व्हायचं ते होतंच. पोरगा पेटी घेऊन पळतो, हा त्याच्या मागे. बागेपर्यंत पळून दोघांचीही छाती भात्यासारखी. मग जे बोलणं होतं ते चोर आणि धनी यांचं नाही, एकाच वाडीतल्या दोघांचं वाटतं.

तो दाढीवाला म्हणजे ग्लेन हॅन्सर्ड. 'वन्स'मधल्या 'फॉलिंग स्लोली' ह्या गाण्याला ऑस्कर मिळाल्यापासून त्याच्याबद्दल एकच वाक्य फिरतंय, 'रस्त्यावर गाणारा थेट ऑस्करच्या मंचावर'. त्या 'थेट' शब्दावर माझा राग आहे, म्हणून हा धागा.

जन्म २१ एप्रिल १९७०, डब्लिनच्या उत्तरेला बॅलीमन भागातला. तेराव्या वर्षी शाळा सोडली आणि ग्राफ्टन स्ट्रीटवर उभा राहून गायला लागला. म्हणजे साल १९८३. बॉब डिलन, लेनर्ड कोहेन, व्हॅन मॉरिसन हे त्याचे तीन देव, आणि पोटापाण्यासाठी त्यांचीच गाणी. १९९०मध्ये त्याने 'द फ्रेम्स' हा बँड काढला. १९९१मध्ये अ‍ॅलन पार्करच्या 'द कमिटमेंट्स' चित्रपटात तो दिसला. ऑस्कर मिळालं फेब्रुवारी २००८मध्ये. तेरा ते सदतीस, मोजा बोटांवर.

ह्या मधल्या चोवीस-पंचवीस वर्षांबद्दल इथे कोणाला काही माहीत असेल तर लिहा. मी भर घालत राहीन.

पोहे_विथ_शेव

वाचतेय. 'वन्स' कॉलेजात असताना हॉस्टेलवर बघितला होता, लॅपटॉपवर, सहा जणींनी मिळून. शेवटी सगळ्या गप्प. एकीने फक्त विचारलं, "मग ते एकत्र का नाही येत?" त्यावर पहाटेपर्यंत भांडण.

ताईआत्या

छान लिहिलंयस गं. पण तेराव्या वर्षी शाळा सोडली हे वाचून पोटात गोळा आला. माझा धाकटा सध्या बारावीला आहे आणि गिटारचं वेड. हा धागा त्याला दाखवणार नाही. :)

आई-वडिलांनी काही म्हटलं नाही का त्याच्या?

डब्लिनकर

मी इथे अकरा वर्षं आहे, त्यामुळे थोडं माझ्याकडून.

बॅलीमन म्हणजे काय ते सांगतो, कारण त्याशिवाय 'शाळा सोडली' हे नीट कळत नाही. साठच्या दशकात डब्लिनच्या जुन्या पडक्या वस्त्यांमधली कुटुंबं हलवण्यासाठी शहराबाहेर मोकळ्या रानात उंच इमारती बांधल्या. पंधरा मजली सात टॉवर होते, त्यांना १९१६च्या उठावातल्या सात हुतात्म्यांची नावं. माणसं आणून ठेवली, पण दुकानं, कामधंदा, करमणूक यांचा पत्ता नाही. पुढे लिफ्ट बंद, मग दारू, मग हेरॉइन. आपल्याकडे गिरण्या बंद पडल्यावर काही चाळींचं जे झालं त्याच्या जवळपासचं चित्र. फक्त इथे चाळीतला शेजारही नव्हता. टॉवर आता पाडलेत, शेवटचा २०१५ साली. माझी रोजची बस तिथूनच जाते. हॉटेल, नवीन फ्लॅट, रुंद रस्ता. एके काळी इथे काय होतं ते सांगितल्याशिवाय कळणार नाही.

तर ताईआत्या, अशा ठिकाणच्या मुलाने शाळा सोडणं म्हणजे आयआयटीचा प्रवेश नाकारणं नव्हे. ऐंशीच्या दशकात इथे बेकारी एवढी होती की शिकलेली पोरं बोटीने इंग्लंड नाहीतर विमानाने अमेरिका गाठत होती. शाळा पुरी केली असती तरी काम मिळालंच असतं असं नाही.

शंकासुर

सगळं मान्य, पण जरा उलटं बघू. ग्राफ्टन स्ट्रीटवर गेल्या चाळीस वर्षांत किती जण गायले असतील? हजारो. त्यातल्या एकाला ऑस्कर मिळालं. बाकीच्यांची तयारी कमी होती का? ह्याचा मित्र दिग्दर्शक निघाला, मित्राने हिरो केलं. ह्याला मराठीत 'वशिला' म्हणतात. ;)

(हलके घ्या.)

जुनी_कॅसेट

शंकासुर, तुमची वाटच बघत होते!

मित्र होता हे खरं. 'वन्स'चा दिग्दर्शक जॉन कार्नी हा फ्रेम्समध्ये सुरुवातीची तीनेक वर्षं बेस गिटार वाजवायचा. पण वशिल्याचं चित्र उलटं आहे. कार्नीने ह्याला आधी फक्त गाणी करायला सांगितलं होतं. नायक म्हणून ठरला होता किलियन मर्फी, हो, 'ओपनहायमर'वालाच. तो बाजूला झाल्यावर पैसेही आटले, आणि मग कार्नीने ग्लेनला उभं केलं. लग्नात वाजवायला बोलावलेल्या सनईवाल्यालाच बोहल्यावर चढवण्यातला प्रकार.

आणि ह्याला कॅमेऱ्यापुढे जायची हौसही नव्हती. 'द कमिटमेंट्स'चं त्याला वर्षानुवर्षं ओझं वाटत होतं. रॉडी डॉयलच्या कादंबरीवरचा तो चित्रपट, उत्तर डब्लिनमधली कामगार घरांतली पोरं सोल संगीताचा बँड काढतात त्याची गोष्ट. पार्करने मुद्दाम नटांऐवजी वाजवणारी-गाणारी पोरं निवडली. ह्याला आउटस्पॅन नावाच्या गिटारिस्टची भूमिका मिळाली, कुरळे लाल केस, वय वीस. चित्रपट गाजला. ह्याचा नवा बँड मात्र 'त्या पिक्चरमधल्या पोराचा बँड' होऊन बसला. पुढे त्याने उघडच सांगितलं की ते काम करून चूक झाली, त्याने गाण्यावरचं लक्ष उडवलं.

म्हणजे पहिल्यांदा पडद्यावर गेला तेव्हा गाणं मागे पडलं. दुसऱ्यांदा गेला तो सोळा वर्षांनी, आणि तेही स्वतःचीच गाणी घेऊन.

सहावी_तार

गिटार वाजवणारा म्हणून एक गोष्ट सांगतो, जी चित्रपट बघताना सगळ्यांच्या नजरेसमोर असते पण कोणी बोलत नाही. त्याच्या टाकामिने कंपनीच्या गिटारला मधल्या गोल भोकाशेजारी आणखी एक भोक आहे. वेडंवाकडं, कडा झिजलेल्या. कोणी पाडलेलं नाही, वाजवून वाजवून पडलंय.

गिटारची वरची फळी जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाड असते. जिथे हाताचा फटका चुकून लाकडाला लागतो तिथे प्लॅस्टिकचा पातळ पत्रा चिकटवतात, त्याला पिकगार्ड म्हणतात. ह्याचा हात त्या पत्र्याच्या हद्दीत राहतच नाही. रस्त्यावर माइक नसतो. गाड्या, माणसं, वारा, शेजारी दुसरा वाजवणारा, ह्या सगळ्यावर आवाज काढायचा तर तारा झोडपाव्या लागतात. तीच सवय पुढे बंद सभागृहातही राहिली. आवाजाचंही तसंच. हळू कुजबुजीतून सुरू करून एकदम छाती फोडून ओरडायचं, ही त्याची खासियत. टीकाकार त्याला नाटकी म्हणतात. मला विचाराल तर ते रस्त्याचं तंत्र आहे. चालत्या माणसाला थांबवायला तुमच्याकडे फार तर दहा-बारा पावलं असतात. कुजबूज ऐकून तो वळतो आणि ओरडणं ऐकून थांबतो.

मी स्वतः पाच वर्षं गणपतीत ऑर्केस्ट्रात वाजवलंय. तिथे लोक आधीच बसलेले असतात, चहा हातात. ते सोपं.

पोहे_विथ_शेव

बाप रे, त्या भोकाकडे मी कधी लक्षच दिलं नव्हतं. आता पुन्हा बघणं आलं.

काकडआरती

लोकलमध्ये गाणाऱ्यांचं पण हेच की. मी वीस वर्षं कल्याण-सीएसटी केलंय. दोन फरशीचे तुकडे बोटांत धरून वाजवणारी पोरं असायची. ती कधीही मुखडा पहिल्यापासून सुरू करायची नाहीत, थेट ओळखीची वरची ओळ. कारण पुढच्या स्टेशनला डबा बदलायचा असतो. स्वतःचं गाणं म्हणून कोण पैसे देणार?

जुनी_कॅसेट

काकडआरती, तुम्ही नेमका धाग्याच्या शीर्षकाला हात घातलात.

'वन्स'मध्ये हाच प्रसंग आहे. दिवसा तो लोकांची गाणी गातो. रात्री दुकानं बंद, रस्ता रिकामा, तेव्हा स्वतःचं गातो, शिरा ताणून. एकटी एक मुलगी थांबून ऐकते, टाळ्या वाजवते, पेटीत दहा सेंट टाकते. दहा सेंटवरून हा तिची थट्टा करतो. ती विचारते की हे गाणं दिवसा का नाही म्हणत? तो म्हणतो, दिवसा लोकांना माहीत असलेलं ऐकायचं असतं, नाहीतर पैसे मिळत नाहीत.

आता गंमत बघा. रात्रीचं ते गाणं, 'से इट टू मी नाऊ', चित्रपटासाठी लिहिलेलंच नाही. फ्रेम्सच्या 'फिट्झकराल्डो' ह्या नव्वदच्या दशकातल्या अल्बममधलं आहे. म्हणजे दहा वर्षं आधी ते गाणं बाजारात येऊन गेलं होतं आणि आयर्लंडबाहेर फारसं कोणी ऐकलं नव्हतं. दहा सेंटची थट्टा मला त्यामुळे थट्टा वाटत नाही.

मधल्या वर्षांचा हिशेब देते. पहिला अल्बम आयलंड रेकॉर्ड्ससारख्या मोठ्या कंपनीकडून, पण तो चालला नाही आणि कंपनीने हात काढून घेतला. दुसरी कंपनी झेडटीटी, तिच्याशीही फार दिवस जमलं नाही. शेवटी २००१मध्ये 'फॉर द बर्ड्स' ह्यांनी स्वतःच काढला. त्यातली काही गाणी शिकागोच्या स्टीव्ह अल्बिनीने ध्वनिमुद्रित केली. हा बाबा खोलीत बँड जसा वाजतो तसाच टिपण्यासाठी प्रसिद्ध, वरून साखर घालत नसे. कंपनी गेली तशी बँडची भीडही गेली, असं तो अल्बम ऐकताना वाटतं. माझा सगळ्यात आवडता तोच. २००४चा 'बर्न द मॅप्स' तर आयर्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला.

तेव्हा 'रस्त्यावरून थेट' वगैरे काही नाही. 'वन्स' झाला तेव्हा हा आपल्या देशात सभागृहं भरवणारा गायक होता. चित्रपटात पुन्हा रस्त्यावर उभा राहिला, एवढंच.

शंकासुर

हे माहीत नव्हतं. वशिला शब्द मागे घेतो. नशीब शब्द ठेवून घेतो.

डब्लिनकर

शूटिंगबद्दल थोडं. जानेवारी २००६, सतरा दिवसांत पुरं. बजेट सव्वा लाख युरोच्या आसपास, त्यातला मोठा वाटा आयरिश फिल्म बोर्डाचा. ऑस्करच्या भाषणात ग्लेनने हेच सांगितलं होतं की दोन हँडीकॅम होते आणि तीन आठवडे लागले. दिवे नाहीत, मित्रांची घरं वापरली. ग्राफ्टन स्ट्रीटवर कॅमेरा लांब ठेवून लेन्सने जवळ ओढलंय, त्यामुळे मागून जाणाऱ्या कित्येकांना शूटिंग चालू आहे हे ठाऊकच नव्हतं. ते 'ज्युनियर आर्टिस्ट' नाहीत, खरेच खरेदीला निघालेले डब्लिनकर आहेत.

दुकानातल्या पियानोवर दोघं मिळून 'फॉलिंग स्लोली' म्हणतात ना, ते तेव्हाचं साउथ ग्रेट जॉर्जेस स्ट्रीटवरचं वॉल्टन्स, वाद्यांचं जुनं दुकान. तिथे तो सूर सांगतो, ती अंदाज घेत घेत सोबत येते. गाणं 'घडताना' दाखवणारा इतका खरा प्रसंग मी दुसरा पाहिलेला नाही.

ताईआत्या

ती मुलगी खरीच परदेशी आहे का? आणि मोडका व्हॅक्यूम क्लीनर कुत्र्यासारखा ओढत रस्त्याने चालते तेव्हा मी इतकी हसले!

जुनी_कॅसेट

हो ताईआत्या, मार्केटा इरग्लोव्हा, चेक. तिचे वडील तिकडे फ्रेम्सचे कार्यक्रम ठरवायचे, त्यातून घरोबा. ती लहानपणापासून पियानो शिकलेली. शूटिंगच्या वेळी सतरा वर्षांची होती, अभिनयाचा अनुभव शून्य. त्याआधीच दोघांनी मिळून 'द स्वेल सीझन' नावाचा अल्बम केला होता. ते नाव एका चेक कादंबरीचं, श्क्वोरेत्स्कीच्या.

चित्रपटात दोघांना नावंच नाहीत. आणि टेकडीवर तो तिला विचारतो की नवऱ्यावर तुझं प्रेम आहे का हे चेकमध्ये कसं म्हणतात, तेव्हा ती चेकमध्ये जे उत्तर देते त्याचं भाषांतर पडद्यावर येत नाही. त्याला कळत नाही, आपल्यालाही नाही. ज्यांना चेक येतं त्यांना कळतं की तिने याच्यावरच्या प्रेमाची कबुली दिली. पोहे, तुमच्या हॉस्टेलच्या भांडणाचं उत्तर तिथे आहे.

पोहे_विथ_शेव

काय सांगता!! त्या पाच जणींच्या ग्रुपवर टाकते आत्ताच.

सहावी_तार

ऑस्करच्या वेळी 'फॉलिंग स्लोली'वर आक्षेप आला होता ना? गाणं जुनं आहे म्हणून?

जुनी_कॅसेट

आला होता. नियम असा की गाणं त्या चित्रपटासाठीच केलेलं हवं. हे गाणं २००६मध्येच 'द स्वेल सीझन'मध्ये, फ्रेम्सच्या 'द कॉस्ट'मध्ये आणि एका चेक चित्रपटातही येऊन गेलं होतं. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने चौकशी केली आणि गाणं मुळात 'वन्स'साठीच केलेलं आहे, चित्रपट पडद्यावर यायला वेळ लागला इतकंच, असं मानून नामांकन कायम ठेवलं. समोर होती डिस्नेच्या 'एन्चान्टेड'ची तीन-तीन गाणी. आणि जिंकलं हे!

मंचावर आधी ग्लेन बोलला, मग मार्केटा माइकपाशी गेली तोच वाद्यवृंद सुरू झाला आणि तिला तोंड उघडता आलं नाही. जाहिराती संपल्यावर सूत्रसंचालक जॉन स्टुअर्टने तिला पुन्हा बोलावून घेतलं. एकोणीस वर्षांची पोरगी, इतकी शांतपणे बोलली की मी दर वेळी ते बघताना रडते. असो.

पुढचं भरभर सांगते. काही काळ दोघं खरोखरच एकत्र होते, मग वेगळे झाले. ती आइसलंडला गेली. गाण्यापुरती मैत्री टिकली, २०२३मध्ये पुन्हा एकत्र दौराही केला. 'वन्स'चं नाटक २०१२मध्ये ब्रॉडवेवर आलं आणि टोनी हे नाटकांचे पुरस्कार आठ घेऊन गेलं. ग्लेनचे स्वतःच्या नावाचे अल्बम २०१२पासून येतायत.

काकडआरती

आणि ऑस्करनंतर हिरो म्हणून सिनेमे?

जुनी_कॅसेट

तेच तर. एवढं नाव झाल्यावर नट म्हणून बस्तान बसवता आलं असतं, पण गेला परत गाण्याकडे. मला वाटतं 'द कमिटमेंट्स'चा चटका पुरला. त्याला अभिनेता म्हणावं का, हाही वादाचा मुद्दा आहे. दोन्ही भूमिकांत तो डब्लिनचा गिटारवालाच आहे. माझं मत: अभिनय त्याला येत नाही, आणि 'वन्स' चांगला झाला तो त्यामुळेच.

डब्लिनकर

असहमत. :) चोराच्या मागे पळण्याचा प्रसंग पुन्हा बघा. कोणाही गाणाऱ्याला जमणार नाही ते.

एक राहिलं. नाताळच्या आदल्या संध्याकाळी तो बेघर लोकांसाठी पैसे जमवायला ग्राफ्टन स्ट्रीटवर गायला उभा राहतो, ही इथली प्रथाच पडून गेली. 'यूटू' बँडचा बोनोसुद्धा येऊन गायलाय. २०१६च्या डिसेंबरात कार्यकर्त्यांनी अपोलो हाउस ही रिकामी सरकारी इमारत ताब्यात घेऊन बेघरांना तिथे झोपायला जागा दिली, त्यातही हा होता. इथल्या लोकांना त्याचं ऑस्कर फारसं आठवत नाही, हे आठवतं. आणि २०२३मध्ये 'द पोग्स' बँडचा गायक शेन मॅकगोवन याच्या अंत्यविधीत चर्चमध्ये तो गायला तेव्हा लोक उठून नाचले. अंत्यविधीत! आमच्या ऑफिसात त्यानंतर दुसरा विषय नव्हता.

ताईआत्या

धाकट्याने माझ्या फोनवर हा धागा वाचला. सगळा. विचारतो, "आई, टाकामिने केवढ्याला येते?"

शंकासुर

ताईआत्या, आता भोगा आपल्या कर्माची फळं. :)

सहावी_तार

त्याला सांगा आधी साधी घे, तिला भोक पाड, मग टाकामिनेचं बघू.

डब्लिनकर

शनिवारी दुपारी मुद्दाम ग्राफ्टन स्ट्रीटवर गेलो होतो, हा धागा डोक्यात ठेवून. आता तिथे गायला पालिकेचा परवाना लागतो आणि एका जागी फार वेळ थांबता येत नाही. फुलवाल्या बायकांच्या अलीकडे सतरा-अठराचा एक मुलगा गात होता, छोटा अ‍ॅम्प, पेटीत बरीचशी नाणी आणि एक पाचाची नोट. सगळी लोकांना माहीत असलेली गाणी. एक गाणं संपलं की विचारू म्हटलं, तुझं स्वतःचं एखादं म्हण. तेवढ्यात पाऊस आला, इथे येतो तसा आडवा. त्याने अ‍ॅम्पवर कचऱ्याची काळी पिशवी ओढली, पेटी मिटली आणि बँकेच्या दाराखाली जाऊन उभा राहिला. मी बस पकडली.

सहावी_तार

गिटार पाहिलीत का?

डब्लिनकर

पाहिली. पिकगार्डवरचा प्लॅस्टिकचा कागदसुद्धा अजून काढलेला नव्हता.